फिक्या तुऱ्याची गौर

वन्सं गेल्या त्या सकाळी मी त्यांच्यावर चिडलेली होते. आदल्या दिवसापासून फोन लावत होते आणि त्या उचलत नव्हत्या. हे काही नवीन नव्हतं. दापोलीच्या घरात त्यांचा मोबाइल कायम पिठाच्या डब्यावर पडलेला आणि त्या स्वतः मागल्या दारी. वाजला तरी ऐकू यायचा नाही, आणि आला ऐकू तरी "वाजूंदे, दमला की गप्प बसंल" म्हणून सोडून द्यायच्या. मी मनातल्या मनात दोन खरमरीत वाक्यं जुळवून ठेवली होती. मग फोन वाजला तो त्यांचा नव्हे, मुंबईहून त्यांच्या मुलाचा, संदेशचा. "मामी, आई गेली..." एवढंच म्हणाला. माझी ती दोन वाक्यं तोंडातच राहिली. अजूनही कधीतरी भांडी घासताना ती ओठांवर येतात, आणि मग आठवतं की ऐकायला कुणी नाही.

विमलवन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. माझे यजमान मनोहर यांची थोरली आणि एकुलती एक बहीण. आम्ही रत्नागिरीहून दापोलीला पोचलो तोवर अंगणात माणसं जमली होती. शेजारची बाई ज्याला त्याला सांगत होती, "सकाळी मागल्या दारी पडलेल्या दिसल्या हो. झाडांना पाणी घालताना तोल गेला असंल." लोक माना हलवत होते. झाडांना पाणी घालताना गेल्या, म्हणजे चांगलं मरण, असा एकूण सूर होता. मी मागल्या दारी गेले. पायरीवर सिमेंटची एकच कुंडी होती आणि शेजारी ठोकर लागून लवंडलेला पितळी तांब्या. कुंडीतली माती काळी, ओली. तिच्यात पान नव्हतं, काडी नव्हती, गवताचं पातंसुद्धा नव्हतं. वन्सं ज्या झाडाला पाणी घालत होत्या ते झाड केव्हाच मेलेलं होतं. हे तिथल्या जमलेल्यांत फक्त मला ठाऊक होतं.

मी कऱ्हाडची. लग्न होऊन सावर्ड्याच्या आतल्या अंगाला असलेल्या मनोहरांच्या गावात आले तेव्हा माझी ओळख "मनाची घाटावरची बायको" अशीच होती, आणि काही घरांत अजून तीच आहे. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात त्या पितळी मुखवट्यांच्या, पैठण्या नेसवलेल्या, पुढे पुरणपोळी. इथे पहिल्याच वर्षी दुपारी सासूबाईंनी हातात सूप दिलं आणि म्हणाल्या, "चला, पऱ्ह्यावर." पऱ्ह्या म्हणजे आमच्या शेताच्या कडेने वाहणारा ओहोळ. पावसाळ्यात दणदणीत, उन्हाळ्यात नुसते गोटे. मी विचारलं, देवी पऱ्ह्यावर काय करतेय? सगळ्या बायका हसल्या. सर्वांत मोठ्यांदा हसली ती दापोलीहून आदल्या दिवशी एसटीने आलेली माहेरवाशीण, विमलवन्सं. हातात खुरपं, कडेवर लहानगा संदेश. म्हणाल्या, "तुमच्याकडं देवी ट्रंकेत ऱ्हाते ना गो? आमची उघड्यावर ऱ्हाते."

त्या दिवशी मी ती पहिल्यांदा पाहिली. पऱ्ह्याच्या काठाला, पाण्यापासून हातभर वर, रानहळदीचा एक ठोंब. केळीच्या पिल्लासारखी रुंद हिरवी पानं, आणि मधोमध वर आलेलं फुलांचं कणीस. रानहळद काय, आमच्या डोंगरात पावसाळ्यात पुष्कळ उगवते. तिच्या कणसाचा शेंड्याकडचा तुरा गुलाबी असतो आणि खाली पिवळी फुलं डोकावतात. या ठोंबाचा तुरा मात्र गुलाबी नव्हता. फिका होता, जवळजवळ पांढरा, कडेला किंचित गुलाबी छटा असलेला. वाडीतल्या इतर घरांत तेरड्याच्या गौरी येतात, तीन दिवस राहतात आणि वाहत्या पाण्यात जातात. आमच्या घराची रीत वेगळी. आमची गौर म्हणजे हाच ठोंब. माहेरवाशिणीने तो मुळासकट, गड्ड्यासकट अलगद काढायचा, सुपात घ्यायचा, तोंडात पाण्याची चूळ धरून मागे न बघता घरी आणायचा. तीन दिवस तिला साडी, दागिने, गोडाचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी वडे आणि मटण (हे पाहून मी घाटावरची बेशुद्ध पडायची बाकी होते). आणि तिसऱ्या दिवशी तिला पाण्यात सोडायचं नाही. पुन्हा त्याच काठाला, त्याच खड्ड्यात लावायची. सासूबाईंच्या सासूबाईंनी पुजली ती हीच, असं सांगत. वन्सं त्याहून पुढे जाऊन म्हणायच्या, "बाकीच्यांची गौर येते नि जाते. आमची ऱ्हाते."

वन्सं लग्न करून दापोलीला गेल्या तेव्हापासून त्यांचं माहेर म्हणजे भाद्रपदातले हे तीनचार दिवस. दिवाळीला सासरची गडबड, उन्हाळ्यात आधी संदेशच्या परीक्षा आणि पुढच्या काळात खाणावळ, पावसात एसटीचा नेम नाही. पण गौरीला त्या आल्या नाहीत असं एकही वर्ष मला आठवत नाही. दापोलीला रेल्वे नाही. सावर्ड्यापर्यंत यायचं तर गाडी बदलत, गौरीगणपतीच्या गर्दीत उभ्याने यायचं. त्या यायच्या, हातात सुक्या मासळीची पिशवी. हर्णेच्या बंदरावरून मुद्दाम आणलेली. एसटीत लोक नाक मुरडतात म्हणून तीन पिशव्यांत गुंडाळलेली आणि तरीही सगळ्या गाडीला कळलेली. उतरताच पहिला प्रश्न माझ्या तब्येतीचा नाही, भावाचा नाही. "तुरा आला काय गो?"

त्यांचे यजमान अकाली गेले. त्या वर्षी गौरीला आल्या त्या पांढऱ्या पडलेल्या, गळा मोकळा, आणि दुपारी बायका पऱ्ह्यावर निघाल्या तेव्हा ओसरीत तांदूळ निवडत बसून राहिल्या. कुणी काही बोललं नव्हतं. पण कुणी बोलवलंही नव्हतं. सासूबाई नुकत्याच गेलेल्या, त्यामुळे घरात मोठी मीच, आणि माझं डोकं फिरलं. मी सूप त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवलं. म्हटलं, "गौर काय मंगळसूत्रं मोजून येते का? माहेरवाशीण तुम्हीच आहात. उठा." वाडीतल्या एकीने हळूच म्हटलंन की घाटावरच्यांना रीतभात नसते. मी म्हटलं, नसतेच. त्या वेळी बाकीच्या बायकांनी खाली घातलेल्या माना मी विसरलेले नाही, आणि वन्सं खुरपं हातात घेऊन सगळ्यांच्या पुढे चालू लागल्या तेही. त्या दिवसापासून आमचं नातं नणंदभावजयीचं राहिलं नाही. आम्ही एकमेकींना तोडून बोलायचो, रुसायचो, आणि तासाभरात एकीनेच केलेला चहा दोघी प्यायचो.

पुढे त्यांनी दापोलीला कृषी विद्यापीठातल्या मुलांसाठी खाणावळ घातली. त्यांच्या हातचं कुळथाचं पिठलं आणि भात खाऊन कितीतरी मुलं पदव्या घेऊन गेली. मुलं त्यांना काकू म्हणत, परीक्षेच्या दिवसांत रागावून घेत, नोकरी लागल्यावर पेढे आणून देत. गुडघे गेले तेव्हा खाणावळ बंद केली. संदेश मुंबईला बोलवत होता, पण त्या जाईनात. म्हणाल्या, मुंबईहून गौरीला यायला तिकीट मिळत नाय. तेव्हा मला हे निमित्त वाटलं होतं.

आता भिंतीचं. मनोहर रत्नागिरीच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि गावच्या जमिनीकडे त्यांचं लक्ष गेलं. अलीकडे पाऊस पडतो तो पडतो कुठे, कोसळतो. पऱ्ह्या दर साली काठ खात होता. एका पावसात पाण्याकडचा आमचा कुणगा, भाताचा सर्वांत चांगला तुकडा, निम्मा वाहून गेला आणि घराकडे येणारी पायवाटही गेली. यांनी खेटे घालून, अर्जविनंत्या करून पऱ्ह्याला दोन्ही अंगांनी संरक्षक भिंत मंजूर करून आणली. मी त्यांना दोष देत नाही. चिखलात उभं राहून आपली जमीन डोळ्यांदेखत जाताना त्यांनी पाहिली होती. काम उन्हाळ्यात, पाणी आटल्यावर सुरू व्हायचं होतं. त्याआधीच्या गौरीत वन्सं आल्या आणि त्यांना हे कळलं.

दुसऱ्या दिवशी, जेवणं झाल्यावर, बहीणभाऊ ओसरीत बसले होते आणि मी पानं उचलत होते. वन्सं म्हणाल्या, "मना, तो कोपरा तेवडा सोड."

"बाय, भिंतीत कोपरा कसा सोडायचा? पाणी तिथनंच आत घुसंल."

"मग गौर कुठनं आणायची?"

"वर आंब्याखाली लाव. मी बघीन तिच्याकडं."

"आंब्याखाली ती ऱ्हाईल? तिला काठ लागतो. आनि जेसीबीला काय कळतंय, तो जितं उबा ऱ्हाईल तितं रस्ता."

आवाज कुणाचाच चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं असं आता वाटतं. तिसऱ्या दिवशी विसर्जनाला आम्ही बायका पऱ्ह्यावर गेलो. इतरांनी तेरडे पाण्यात सोडले. वन्संनी जुन्या खड्ड्यातली माती ओंजळीने काढून सुपात घेतली आणि ठोंब खाली ठेवलाच नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घातला. बायका बघत राहिल्या. गौर सासरी नेण्याची रीत कुठे कुणी ऐकली होती? एक म्हणाली, "विमल, हे बरं न्हाय." वन्सं म्हणाल्या, "बरं न्हाय तर न्हाय. जितं मी तितं ती." मनोहरनी त्यांना सावर्ड्याच्या स्टँडवर सोडलं. पिशवी त्यांनी मांडीवर उभी धरली होती, पानं बाहेर, तान्ह्या पोराचं डोकं सांभाळावं तशी.

उन्हाळ्यात भिंत झाली. चांगली झाली, उगाच कशाला नाही म्हणू? पहिल्याच पावसात कुणगा वाचला. काठ मात्र आता नाही. दोन सिमेंटच्या भिंती आणि त्यांच्यामधून पाणी, गटारासारखं सरळ. तिथे तेरडाही उगवत नाही. वाडीतल्या बायका गौर आणायला आता वरच्या अंगाला, साकवाच्या, म्हणजे लहान पुलाच्या, पलीकडे जातात.

त्या वर्षभरात मी फोनवर दर वेळी विचारायचे, गौर कशी आहे? "हाय" असं उत्तर यायचं आणि विषय बदलायचा. मी समजले, अजून भावावर राग आहे. पुढच्या भाद्रपदात वन्सं आल्या, सुकी मासळी, तीन पिशव्या, आणि चौथ्या पिशवीत रानहळदीचा ठोंब. ओसरीत फडकं सोडलं तेव्हा सगळ्यांच्या आधी मनोहर पुढे झाले. कणीस भरलेलं होतं, ताजं, देखणं. तुरा गर्द गुलाबी.

"बाय, तुरा लाल कसा गो?"

"मातीचा गुण," वन्सं म्हणाल्या. "दापोलीची माती तांबडी."

"आणि आपली काय हिरवी आहे?" मी सवयीने चिमटा काढला. वन्संनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या माझ्या चिमट्यांना चिमट्यानेच उत्तर देत आल्या होत्या. त्या दिवशी नुसतंच पाहिलं, आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. मनोहरांना मात्र पटलं. त्यांना पटवून घ्यायचंच होतं. गौर जगलीय, बहीण आलीय, भिंतीपायी काही बिघडलेलं नाही. त्या तीन दिवसांत इतके खुशीत होते की गणपतीसमोर भजनाला उभं राहून टाळ वाजवलेन.

विसर्जनाला पुरुष येत नाहीत. पऱ्ह्यावर पोचलो, बाकीच्या बायका साकवाकडे पुढे गेल्या. मला वाटलं वन्सं ठोंब परत पिशवीत घालतील. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि भिंतीवरून वाकून तो पाण्यात सोडून दिला. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. इतर कुठल्याही घरची बाई तेरडा सोडते तसा. मी जे समजायचं ते समजले. खरी गौर असती तर या बाईने तिच्याबरोबर स्वतः उडी मारली असती.

वन्सं भिंतीवरच बसल्या. "ती न्हाय गो ही. हर्णेच्या रस्त्याला वहाळाकाठनं काढून आणली."

"कळलं मला."

"कुजली. कार्तिकात पानं पिवळी पडाय लागली. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. सकाळसंध्याकाळ घालाय लागले. शेणखत घातलं. तरी पडतच गेली, सगळी आडवी झाली. मी म्हटलं रुसली, माहेर सुटलं म्हणून... आणखी पाणी घातलं. शिमग्याच्या सुमाराला माती उकरली तर हाताला नुसता गाळ लागला. वास येत होता."

थंडीत रानहळदीची पानं वाळतात आणि गड्डा जमिनीत झोपून राहतो, पाऊस आला की पुन्हा वर येतो, हे मला त्यानंतर कळलं. वन्संना कसं ठाऊक नव्हतं, असा प्रश्न मलाही पडला होता. पण काठावर मार्गशीर्षात सगळंच वाळतं. त्या वाळलेल्या गवतात हळद कुठली ते कोण बघतं? लहानपणी त्यांनी बघितली नाही, आणि सासरी गेल्यावर त्यांना ती फक्त भाद्रपदातच भेटली, अंगभर फुललेली. माहेरवाशिणीला माहेर कायम सणातलंच दिसतं. कुंडीत ती एकटी होती, म्हणून तिचं पिवळं पडणं दिसलं, आणि ते वन्संना आजारपण वाटलं.

मी रागावले. दुसरं काय करणार? म्हटलं, "दारात अख्खं कृषी विद्यापीठ आहे. तुमच्या हातचं जेवून पोरं साहेब झाली. एकाला विचारायचं होतं."

"काय इचारू? माज्या माहेरची गौर आजारी हाय म्हणून?" मग माझा हात धरून म्हणाल्या, "मनाला सांगू नको. तो भिंतीला लावील, सोताला लावील. भिंतीनं न्हाय मारलीन गो तिला. माज्या हातनं गेली."

मी शब्द दिला. मग त्यांनी साकवाखालची ओली माती पिशवीत भरली, वर फडकं नीट बांधलं, आणि त्या पिशवीसकट दापोलीला निघाल्या. मनोहर सोडायला गेले. मीही गेले. स्टँडवर गाडी लागली तेव्हा मनोहर म्हणाले, "बाय, जप तिला." वन्सं "व्हय" म्हणाल्या. खिडकीशी बसून नुसत्या मातीची ती पिशवी त्यांनी मांडीवर अगदी उभी धरून ठेवली होती. भाऊ दिसेनासा होईपर्यंत.

त्यानंतर त्या वाळत गेल्या. दुखणं असं काही नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या त्या रक्तदाबाच्या. फोनवर बोलायच्या त्या कमी कमी. एकदा म्हणाल्या, कुंडीला पाणी घालत होते. मी म्हटलं, वन्सं, कुठल्या कुंडीला? तर म्हणाल्या, "एकादा गड्डा ऱ्हायला असंल तर? माती सगळी थोडीच चाळून बघितली." मी म्हटलं, असेलही. त्यांनाही माहीत होतं की नसेल, मलाही. यंदा वैशाखात, पावसाची वाट बघत, त्या रोज सकाळी तांब्या भरून नुसत्या मातीवर ओतत होत्या. पाऊस आला की कळलंच असतं. तोवर त्यांना थांबायचं नव्हतं, का थांबवत नव्हतं, कोण जाणे. पावसाच्या आधीच गेल्या.

लोक म्हणतात सगळं पुन्हा उगवतं. मला हे वाक्य आता सहन होत नाही. काही गोष्टी एकच असतात आणि त्या जातात. आमचा काठ गेला, त्या काठावरचा फिका तुरा गेला, आणि दर वर्षी एसटीतून उतरून त्याची चौकशी करणारी बाई गेली. मला मुलगी नाही. मनोहरांना दुसरी बहीण नाही. या घराला माहेर म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही. कुणी मला सांगतं, डोंगरातून दुसरी हळद आणा, पूजा होण्याशी कारण. पूजा होईल हो. पण ती गौर म्हणून ओळखायची कुणी?

दापोलीला दिवसकार्य आटोपल्यावर संदेश म्हणाला, मामा, आईचं काही न्यायचं असेल तर घेऊन जा. मनोहर उठले आणि थेट मागल्या दारी गेले. कुंडी दोन्ही हातांनी उचलली. वजनाने त्यांना धाप लागली, तरी संदेशला हात लावू दिला नाही. मातीला बोट लावून म्हणाले, "बायनं ओली ठेवलीन बघ, जातानासुद्धा." मग माझ्याकडे वळून, शिकवल्यासारखं, "ही थंडीत झोपते. तेव्हा पाणी घालायचं नसतं. आम्ही गुरांमागे जायचो ना, तेव्हा काठावर उकरून बघायचो. वर काही नाही, आत गड्डा टणक. बायला ठाऊक असेलच म्हणा."

एक फोन. वर्षभरात बहिणीने भावाला एक फोन करून विचारलं असतं की पानं का पिवळी पडतायत, तर आमची गौर जगली असती. आणि मला खात्री वाटते, वन्संही. पण भावाला विचारणं म्हणजे त्याच्या भिंतीने काय केलं ते दाखवणं, आणि तेवढं त्यांच्याच्याने झालं नाही. त्यांनी त्याला जपलंन, आणि त्या जपण्यात सगळंच गेलं. हे मनोहरांना सांगायला मी कितीदा तोंड उघडलं आणि मिटलं. वन्संना शब्द दिला होता की सांगणार नाही. लिहिणार नाही असं काही म्हटलं नव्हतं, ही माझी पळवाट. हे वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीत छापून येईल तिच्याशी यांचा संबंध फक्त शब्दकोड्यापुरता येतो. पण कुणीतरी दाखवेल. दाखवलं तर दाखवू दे. मला तोंडाने जमत नाही.

कुंडी आता आमच्या रत्नागिरीच्या घरी आहे, गॅलरीत, वर पत्रा आहे तिथे. शेजारी तो पितळी तांब्या. श्रावण लागला. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर हाताएवढं गवत वाढलंय, कठड्याच्या भेगेतसुद्धा काहीबाही उगवून आलंय. कुंडीत काही नाही. मनोहर रोज उठून आधी तिच्यापाशी जातात, चष्मा चढवून वाकतात, आणि आत येऊन मला सांगतात, "यंदा उशीर करतेय." कॅलेंडरवर गौरीच्या दिवसाला त्यांनी पेनाने गोल केलाय. परवा विचारत होते, बाय नाही तर आणायला कुणाला सांगूया? मी म्हटलं, बघू.

आज सकाळी मी चहा घेऊन गॅलरीत गेले. ते कुंडीपाशी पाटावर बसले होते. तांब्यातून धार धरून, अगदी बेताने, कडेकडेने पाणी घालत होते. थांबले. माती बोटाने दाबून पाहिली. मग वर न बघता मला म्हणाले, "सुनंदा, पाणी जास्त तर होत नाहीय ना गो हिला?"

"नाही," मी म्हटलं. "घाला."